मोठ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मी कशी बंद करू?

पत्राचा सारांश : तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं दवाखाना चालवणाऱ्या एका एमबीबीएस डॉक्टरबाईंचं हे पत्र आहे. त्यांच्याकडे पहिल्यापासून येणाऱ्या एक आजी आहेत. वय ७८, वजन ४२ किलो, बीपी आणि शुगर जुनीच. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, पॅरालिसिस यांपैकी काहीही झालेलं नाही. मुलगा पुण्यात असतो. तो आईला अधूनमधून तिकडे नेऊन हृदयरोगतज्ज्ञ, मधुमेहतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांना दाखवतो. आजींना सध्या रोज १३ प्रकारच्या गोळ्या चालू आहेत : टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन, शिवाय वेगळी टेल्मिसार्टन, मेटोप्रोलॉल, ॲस्पिरिन-ॲटोरव्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइड, पँटोप्राझोल-लेवोसल्पिराइड, प्रेगॅबॅलिन-मिथाइलकोबालामिन, ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, सिनारिझिन, टोरसेमाइड, क्लोनाझेपाम, कॅल्शियम आणि मल्टीव्हिटॅमिन. मागच्या काही महिन्यांत आजी दोनदा न्हाणीघरात पडल्या. सकाळी चक्कर येते, पायांवर सूज असते, चाल मंदावली आहे, आणि पूर्वीसारख्या त्या बोलत नाहीत. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२. मुलगा म्हणतो, "मोठ्या डॉक्टरांच्या गोळ्यांना हात लावू नका, तुम्ही फक्त बीपी बघत जा." डॉक्टरबाई विचारतात : तज्ज्ञांनी दिलेली औषधं बंद करायचा मला अधिकार आहे का? किती गोळ्या म्हणजे जास्त? आणि बंद केल्यावर काही बरंवाईट झालं तर?

डॉक्टर,

तुमच्या तिन्ही प्रश्नांमागे एक समजूत आहे, आधी तिच्याबद्दल बोलतो. गोळी बंद केली तर जबाबदारी माझी, आणि चालू ठेवली तर ती ज्यांनी सुरू केली त्यांची, असं तुम्ही धरून चालला आहात. पण दर महिन्याला आजी येतात, तुम्ही बीपी बघता आणि चिठ्ठीवर 'सीटी ऑल', म्हणजे 'सगळं आहे तसंच चालू', लिहिता. त्या दिवशी त्या १३ गोळ्या तुमच्या सहीने चालू होतात. हृदयरोगतज्ज्ञांनी आजींना शेवटचं कधी पाहिलं? त्यांच्या फाईलमध्ये सिनारिझिन आहे का? आजी पडल्या हे त्यांना कुणी कळवलं का? सगळ्या पाकिटांची पिशवी एकाच टेबलावर येते आणि ते टेबल तुमचं आहे. म्हणून हे काम तुमचंच आहे, असं मी अगदी ठामपणे सांगतो.

याचा अर्थ तज्ज्ञ चुकले असा नाही. प्रत्येकाने आपल्या समोरच्या तक्रारीवर बहुतेक बरोबरच औषध दिलं. पण चारही चिठ्ठ्या एकत्र ठेवून कुणीच वाचल्या नाहीत.

आता 'किती म्हणजे जास्त' या प्रश्नाकडे येतो. अभ्यासांमध्ये पाच किंवा त्याहून अधिक औषधं ही रेघ सोयीसाठी आखलेली असते. तिला धरून कुणाची गोळी कापू नका. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या माणसाला नुसत्या त्या एका आजारासाठी आज चार प्रकारची औषधं योग्यच ठरतात. त्यात शुगर आणि थायरॉइड धरलं की आकडा सहज आठवर जातो, आणि त्यातलं एकही काढण्यासारखं नसतं. ब्रिटनमधल्या किंग्ज फंड या संस्थेने २०१३ च्या अहवालात अनेक औषधांचे दोन भाग केले होते, योग्य आणि त्रासदायक. आपल्याला तोच भेद करायचा आहे. उलट काही वयस्कर रुग्णांना हवं ते औषध मिळतच नसतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

तुमच्या पत्रातली यादी मी औषधांच्या मूळ नावांनी मांडून बघितली. गोळ्या १३ असल्या तरी मल्टीव्हिटॅमिन एकच धरून औषधं १८ होतात, आणि त्यातलं टेल्मिसार्टन दोनदा जातंय. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं असण्याची इतकी सवय झाली आहे की हे डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दोन डॉक्टर, दोन वेगळी ब्रँडनावं, पाकिटांचे रंग वेगळे, औषध मात्र तेच. जनऔषधी दुकानातून स्वस्त गोळी आणली आणि घरात आधीची ब्रँडची गोळीही चालूच राहिली, हा प्रकार मी वारंवार बघतो. म्हणून पहिलं काम कागदावरचं नाही. आजींना आणि मुलाला घरातली सगळी औषधं घेऊन बोलवा. फ्रिजमधली, देवघराजवळच्या डब्यातली, शेजारणीने दिलेली, गुडघ्यांसाठी आणलेल्या पुड्या, सगळं. पुड्यांबद्दल मुद्दाम विचारा. सांधेदुखीच्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे, आणि ते महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवलं तर माणूस गळून जातो, बीपी खाली जातो.

पिशवी टेबलावर रिकामी केली की तुम्हाला अर्ध्या कापलेल्या पट्ट्या दिसतील. मेडिकलवाल्याने दहातल्या चार गोळ्या देताना नाव आणि एक्स्पायरीचा भाग दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेलेला असतो. आजी त्या गोळ्या रंगावरून ओळखतात, 'पिवळी सकाळची, गुलाबी रात्रीची'. दुकानदाराने ब्रँड बदलला की रंग बदलतो आणि सगळी ओळख कोलमडते. गावातल्या मेडिकलवाल्याशी एकदा बोलून ठेवा, की ज्येष्ठांना पट्टी देताना नावाची बाजू त्यांच्याकडे राहू द्यावी.

मग प्रत्येक गोळीपुढे एकच प्रश्न लिहा : ही आज कशासाठी आहे? 'बीपी आहे म्हणून' हे उत्तर चालेल. 'आधीपासून आहे म्हणून' हे चालणार नाही. आणि नवी तक्रार ऐकली की तिच्यावर नवं औषध लिहिण्याआधी, ही तक्रार आधीच्याच एखाद्या औषधामुळे तर नाही ना, हे बघा. आजींच्या यादीत मला अशा साखळ्या स्पष्ट दिसतात.

बीपीच्या ॲम्लोडिपिनने पायांवर सूज येते, नसांच्या दुखण्यावरच्या प्रेगॅबॅलिननेही येते. सुजेवर कुणीतरी टोरसेमाइड दिलं. त्याने लघवी वाढली, पोटॅशियम-सोडियम खाली येऊ शकतं, बीपी उतरतो, आणि आजी घाईघाईने न्हाणीघराकडे जातात. चक्कर येते म्हणून सिनारिझिन आलं. सिनारिझिन काय किंवा ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेवोसल्पिराइड काय, दोन्ही मेंदूतल्या डोपामिनच्या कामात अडथळा आणतात. वय झालेल्या माणसात त्यामुळे पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात. चाल मंद होते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, बोलणं कमी होतं. तुम्ही लिहिलेलं हेच वर्णन आहे. आजींचा हात मनगटातून आणि कोपरातून हलवून ताठरपणा बघा, पाच पावलं चालायला सांगा, वळताना किती पावलं लागतात ते मोजा. हे न बघता त्यांना पार्किन्सनची गोळी सुरू झाली असती तर यादी १४ वर गेली असती. सिनारिझिन आणि लेवोसल्पिराइड थांबवल्यावर फरक पडायला आठवडे, कधी महिने लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी साखळी गुडघ्यांपासून निघते. ॲसिक्लोफेनॅक या वेदनाशामकाने बीपी वाढतो, मग बीपीची गोळी वाढते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की बीपीचं टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं टोरसेमाइड आणि वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंड धोक्यात येतं. उलट्या-जुलाबाचे दोन दिवस किंवा मे महिन्यातला उन्हाळा तेवढं पुरतं. क्रिएटिनिन १.२ बघून तुम्ही निश्चिंत झालात, लॅबच्या कागदावरही त्यापुढे खूण नसेल. पण ४२ किलोच्या आजींच्या अंगात स्नायूच कमी आहेत, त्यामुळे क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं. १९७६ पासून वापरात असलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र लावा : १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले क्रिएटिनिनची ७२ पट, आणि स्त्री असल्यास गुणिले ०.८५. उत्तर, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज), मिनिटाला सुमारे २६ मिली येतं. लॅबने छापलेला ईजीएफआर (त्याच वेगाचा दुसऱ्या सूत्राने काढलेला अंदाज) ४६ च्या आसपास असेल, कारण ते सूत्र शरीराचं आकारमान धरत नाही. प्रेगॅबॅलिनसारख्या औषधांचा डोस कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या आकड्यावर ठरवायचा असतो. तो ६० च्या खाली गेला की डोस कमी करावा लागतो, आणि आजी तर त्याच्याही बऱ्याच खाली आहेत. शुगरच्या मेटफॉर्मिनसाठी मात्र ईजीएफआर बघा. ४५ च्या खाली डोसाचा फेरविचार करायचा, ३० च्या खाली द्यायचंच नाही.

एचबीए१सी ६.२ हा आकडा तुम्ही समाधानाने लिहिला आहे. मला त्याची काळजी वाटली. इतक्या आजारांच्या आणि दोनदा पडलेल्या ७८ वर्षांच्या बाईंसाठी ८ च्या खाली असणं बहुतेकदा पुरेसं असतं. ६.२ आणि सोबत साखर जोरात उतरवणारं ग्लिमेपिराइड म्हणजे साखर उतरण्याचा धोका रोजचाच. आजी संकष्टी, एकादशी करतात का, हे विचारा. उपास आणि गोळी दोन्ही चालू असेल तर सकाळच्या चकरेचं एक कारण तिथेच सापडेल.

काय आधी आणि काय नंतर? साधारण नियम असा, की एका वेळी एकच औषध बदलावं, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. पण आजींच्या बाबतीत तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा : दुबार जाणारं टेल्मिसार्टन काढा, ॲसिक्लोफेनॅक थांबवून साधं पॅरासिटामॉल ठेवा, आणि ग्लिमेपिराइड बंद करून घरी ग्लुकोमीटरने साखर बघायला सांगा. त्याच आठवड्यात सिनारिझिन आणि लेवोसल्पिराइड काढा. पँटोप्राझोल सध्या राहू द्या. ॲस्पिरिन आणि वेदनाशामक चालू असताना पोट सांभाळायला ते उपयोगाचं होतं. ही दोन्ही गेली की मग त्याची गरज उरत नाही. पुष्कळ जण घाईने ॲसिडिटीची गोळी आधी काढतात आणि ॲस्पिरिन तसंच ठेवतात, ते उलट होतं.

ॲस्पिरिनबद्दल थोडं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ ज्येष्ठ होते, बहुतेक सत्तरीपुढचे, हृदयविकार नसलेले. त्यांना रोज ॲस्पिरिन सुरू करून धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. तो अभ्यास नव्याने सुरू करण्याबद्दलचा होता. तरीही आजींना हार्ट अटॅक नाही, स्टेंट नाही, तेव्हा हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना विचारायलाच हवा. स्टेंट असलेल्या माणसाचं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) मात्र तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय कुणीही थांबवू नये.

बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरलं जाणारं मेटोप्रोलॉल आजींना का दिलं होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. तोवर त्याला हात नको, आणि कमी करायचं ठरलं तरी हळूहळू, एकदम बंद केल्यास छातीत दुखणं, ठोके वाढणं असं होऊ शकतं. प्रेगॅबॅलिनही उतरत्या डोसानेच थांबवायचं. ॲम्लोडिपिन काढून सूज ओसरली की टोरसेमाइडही जाईल, पण त्याआधी धाप, फुप्फुसं आणि गळ्याच्या शिरा तपासून हार्ट फेल्युअर नाही याची खात्री करा. आणि बीपी बसवून घेऊ नका. पाच मिनिटं झोपवून घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचं कारण तुमच्या हातात आलं.

झोपेसाठीचं क्लोनाझेपाम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत सावकाश. दर दोन आठवड्यांनी पाव डोस कमी, शेवटी त्याहूनही हळू. झोप बिघडली तर मागच्या डोसावर थोडं थांबायचं. इथे आजींना विश्वासात घेतलंत तर काम सोपं होतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांना गोळीचे धोके आणि ती कमी करायची पद्धत सांगणारी एक पुस्तिका दिली गेली. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी सोडली होती, पुस्तिका न मिळालेल्यांत फक्त ५ टक्क्यांनी. साध्या मराठीतलं एक पान तुम्हीही देऊ शकता, मोठ्या अक्षरात छापून.

तज्ज्ञांना कळवायची तुम्हाला भीड वाटते, हे समजू शकतो. पण बहुतेक तज्ज्ञ नेमक्या माहितीवर चिडत नाहीत. 'औषधं फार झालीत' असा सूर लावू नका. असा निरोप पाठवून बघा : "नमस्कार सर. आपण तपासलेल्या ७८ वर्षांच्या रुग्ण दोनदा पडल्या. झोपून बीपी १३०/७४, उभ्याने १०४/६२. क्रिएटिनिन क्लिअरन्स २६. टेल्मिसार्टन दोन ठिकाणांहून जात होतं, एक थांबवलं आहे. मेटोप्रोलॉल कोणत्या कारणासाठी होतं ते कळवाल का? स्टेंट किंवा एमआय (हार्ट अटॅक) नाही, तेव्हा ॲस्पिरिन थांबवावं असं मला वाटतं. आपलं मत कळवावं." आकडे अर्थात तुमच्या मोजमापातले घाला. उत्तर येईल ते फाईलला लावा.

मुलाशी बोलताना 'बंद' हा शब्दच टाळा. आईचं वय झालं म्हणून डॉक्टरांनी हात वर केले, असं त्याला वाटू शकतं. तो लांब राहतो, आणि आईसाठी आपण करतोय ते या गोळ्यांमधूनच करतोय असंही त्याच्या मनात असेल. त्याला सांगा, "आईंना पडण्यापासून वाचवायचंय. ही गोळी महिनाभर कमी करून बघू, त्रास वाढला तर पुन्हा सुरू करू." आणि त्याआधी आजींनाच विचारा, तुम्हाला काय हवंय? स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये औषधांच्या फेरतपासणीची पहिली पायरीच ही आहे. आजी कदाचित म्हणतील, "मला देवळापर्यंत एकटीला जाता आलं पाहिजे." मग प्रत्येक गोळी त्याला मदत करते की आड येते, हे ठरवायला सोपं जातं.

काही बरंवाईट झालं तर? तारीख, काय बदललं, का बदललं, कुणाशी बोललात, आजी आणि मुलगा काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलं, इतकं चार ओळींत लिहून ठेवा आणि मुलाची सही घ्या. आजी तिसऱ्यांदा पडून खुबा मोडला असता, तर 'सीटी ऑल'च्या समर्थनार्थ तुमच्या फाईलमध्ये काय होतं, याचाही विचार करा. औषधामुळे त्रास झाल्याची शंका असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात.

गर्दीच्या ओपीडीत हे जमणार नाही आणि जमवूही नका. आठवड्यातली एक शांत दुपार ठरवा, एका दुपारी दोनच रुग्ण घ्या आणि या कामाची वेगळी फी घ्या. हे पूर्ण तपासणीइतकंच काम आहे. सुरुवात पडलेल्यांपासून, नुकत्याच हॉस्पिटलमधून घरी आलेल्यांपासून, आणि ७५ च्या पुढच्या, आठ किंवा जास्त औषधं घेणाऱ्यांपासून करा. ज्येष्ठांमध्ये टाळायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ मध्ये आली, २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. ज्येष्ठांमध्ये कोणतं औषध थांबवावं आणि कोणतं सुरू करावं हे सांगणाऱ्या स्टॉप-स्टार्ट निकषांचीही २०२३ ची आवृत्ती आहे. दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा, पण यादीत नाव दिसलं म्हणून गोळी काढू नका. ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली आणि ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांना संगणकाने अशा सूचना देऊन बघितलं गेलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हॉस्पिटलात भरती होणं किंवा मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. औषधं थोडी कमी झाली आणि त्याने रुग्णांचं नुकसान झालं नाही, हे मात्र दिसलं. सूचना संगणक देईल. आजींची पावलं मोजायला डॉक्टरच लागतो.

हे वाचणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. यातलं काहीही वाचून घरच्या घरी आईवडिलांची गोळी थांबवू नका. औषधांची मूळ नावं, डोस आणि कुणी दिलं हे एका कागदावर लिहा, सगळी पाकिटं पिशवीत भरा आणि आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे वेळ मागा.

स्टॉप-स्टार्टमधल्या 'स्टार्ट'कडेही बघा, डॉक्टर. दोनदा पडलेल्या ७८ वर्षांच्या बाईंची हाडं किती ठिसूळ आहेत, हे कुणी तपासल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही. व्हिटॅमिन डी आणि शक्य असल्यास हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्या. हाडांसाठी खरं औषध लागलं तर ते द्या, मात्र त्यातल्या काही औषधांनाही मूत्रपिंडाची मर्यादा आहे. न्हाणीघरात धरायला दांडी, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि डोळ्यांची तपासणी हेही चिठ्ठीवरच लिहा. पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही मागवा. टोरसेमाइडवर असलेल्या आणि अलीकडे अबोल झालेल्या आजींचं सोडियम किती आहे, हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं.